एसव्हीजी दिसत नाही, एक्सपाथला सापडत नाही: नेमस्पेसची तीच ती दुखणी

तक्रार साधारण अशी येते. जावास्क्रिप्टने वेब पानात एसव्हीजी (रेषा-आकारांचं चित्र काढणारा) टॅग तयार केला, त्यात सर्कल टाकलं, रंग दिला, सगळं बॉडीला जोडलं. कन्सोलमध्ये एकही लाल ओळ नाही. इन्स्पेक्टरमध्ये टॅग जागच्या जागी, अ‍ॅट्रिब्यूटही बरोबर. पडद्यावर मात्र काही नाही. मग कोणीतरी इन्स्पेक्टरमध्येच त्या टॅगवर राइट क्लिक करून ‘एडिट अ‍ॅज एचटीएमएल’ निवडतं, एखादी स्पेस टाकून बाहेर येतं, आणि वर्तुळ उगवतं. ‘ब्राउझरचा बग’ असं ठरतं आणि सेटटाइमआउटचे प्रयोग सुरू होतात.

बग नाही, टायमिंगचा प्रश्नही नाही. पहिल्या वेळी तो टॅग स्क्रिप्टने बनवला होता. दुसऱ्या वेळी तीच अक्षरं एचटीएमएल पार्सरमधून, म्हणजे मजकूर वाचून एलिमेंट बनवणाऱ्या भागातून, गेली. दिसायला दोन्ही सारखे, पण ब्राउझरच्या लेखी ती दोन वेगळी एलिमेंट आहेत. (कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.)

आधी एवढं तपासा. कन्सोलमध्ये ते एलिमेंट धरा आणि त्याची ‘नेमस्पेसयूआरआय’ ही प्रॉपर्टी छापा. उत्तराच्या शेवटी २०००/एसव्हीजी असेल तर दुखणं दुसरीकडे आहे. १९९९/एक्सएचटीएमएल असेल तर रोग सापडला. त्याहून झटपट खूण म्हणजे ‘टॅगनेम’: खऱ्या एसव्हीजी एलिमेंटचं टॅगनेम छोट्या लिपीत छापलं जातं, एचटीएमएलच्या पानात एचटीएमएल म्हणून जन्मलेल्याचं कॅपिटलमध्ये. कॅपिटल एसव्हीजी दिसलं की पुढे शोधायची गरज नाही.

कारण असं की डॉममध्ये, म्हणजे ब्राउझरने बांधलेल्या पानाच्या झाडात, एलिमेंटचं नाव एकटं नसतं, ती जोडी असते: नेमस्पेसचा (नाव कुठल्या शब्दसंग्रहातलं, त्याचा) पत्ता आणि स्थानिक नाव. गट नंबर ११२ कितीतरी गावांत असतो, गाव आणि तालुका सांगितल्याशिवाय सातबारा निघत नाही, तसंच हे. इन्स्पेक्टर आपल्याला फक्त गट नंबर दाखवतो. ‘क्रिएटएलिमेंट’ ही पद्धत एचटीएमएलच्या पानात गाव स्वतःच भरते आणि कायम एचटीएमएलच भरते. एचटीएमएलमध्ये ‘सर्कल’ नावाचं काही नाही, त्यामुळे अनोळखी एलिमेंट तयार होतं आणि ब्राउझर निमूटपणे काहीच काढत नाही.

उपाय म्हणजे ‘क्रिएटएलिमेंटएनएस’: पहिल्या जागी एसव्हीजीचा पूर्ण पत्ता, दुसऱ्या जागी नाव. हे बाहेरच्या एसव्हीजी टॅगपुरतं करून भागत नाही. आतल्या प्रत्येक पाथ, जी, टेक्स्टलाही तेच लागतं, नेमस्पेस आईकडून मुलाला वारशाने मिळत नाही. अर्धवट दुरुस्ती बहुतेक इथेच अडते.

एक चुकीचा उपाय फार फिरतो, तो म्हणजे आधी क्रिएटएलिमेंट करायचं आणि मग सेटअ‍ॅट्रिब्यूटने ‘एक्सएमएलएनएस’ (मजकुरात नेमस्पेस जाहीर करायची खूण) चिकटवायचं. याने काहीही होत नाही. एलिमेंटची नेमस्पेस जन्माच्या क्षणी ठरते, नंतर बदलत नाही. वर आणखी एक घोळ होतो: एचटीएमएल एलिमेंटवर सेटअ‍ॅट्रिब्यूट नाव छोट्या लिपीत उतरवतो, त्यामुळे ‘व्ह्यूबॉक्स’मधला मोठा बी छोटा होतो. एसव्हीजीला अक्षरांचा आकार कळतो, म्हणून छोट्या बीचा व्ह्यूबॉक्स त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. खऱ्या एसव्हीजी एलिमेंटवर हे छोटं करणं होत नाही.

इनरएचटीएमएल वापरलं तर पार्सर मध्ये येतो आणि बहुतेक वेळा सगळं सुरळीत होतं. बहुतेक वेळाच. डिव्हच्या इनरएचटीएमएलमध्ये नुसता पाथ टाकला, बाहेर एसव्हीजी नाही, तर पार्सरला तो कुठल्या गावचा ते कळणार कसं? तो एचटीएमएलमध्ये जातो. तोच पाथ एखाद्या खऱ्या एसव्हीजी एलिमेंटच्या इनरएचटीएमएलमध्ये टाका, बरोबर पडतो, कारण संदर्भ मिळाला. तुकड्या-तुकड्याने टेम्प्लेट लिहिणाऱ्या लायब्रऱ्यांना हे नडतं. म्हणूनच ‘लिट’मध्ये एचटीएमएलसाठी एक फंक्शन आणि एसव्हीजीच्या तुकड्यांसाठी वेगळं फंक्शन आहे, आणि ‘अँग्युलर’मध्ये टेम्प्लेटच्या मुळाशी एसव्हीजीचा तुकडा असेल तर एसव्हीजी कोलन जी असं लिहावं लागतं. हा कोलन अँग्युलरचा स्वतःचा, ब्राउझरच्या पार्सरला तो समजत नाही.

याच्या उलट एक प्रकार कमी भेटतो, पण भेटला की बराच वेळ खातो. एसव्हीजीच्या आत चुकून पी, स्पॅन किंवा डिव्ह राहून गेला, तर पार्सर तिथेच एसव्हीजीतून बाहेर पडतो. नियमच तसा आहे: एचटीएमएलच्या ठरावीक टॅगांची यादी आहे, त्यातला एखादा दिसला की परका भाग संपला. त्यानंतरचे सगळे पाथ एचटीएमएलमध्ये जन्मतात. चित्र अर्धं दिसतं आणि अर्धं गायब असतं. एसव्हीजीत एचटीएमएल हवंच असेल तर ते ‘फॉरेनऑब्जेक्ट’च्या आत ठेवा.

एक्सपाथला एसव्हीजी सापडत नाही

हे हिंजवडीपासून मगरपट्ट्यापर्यंत ऑटोमेशन टेस्टिंग करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी सोसलेलं. सेलेनियम हे ब्राउझर आपोआप चालवणारं टेस्टिंगचं साधन, आणि एक्सपाथ ही त्यात एलिमेंट शोधायची एक भाषा. एक्सपाथमध्ये दोन तिरक्या रेघा आणि डिव्ह लिहिलं की सापडतं. दोन तिरक्या रेघा आणि एसव्हीजी लिहिलं की ‘नो सच एलिमेंट’. सीएसएस सिलेक्टरने तोच एसव्हीजी लगेच सापडतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

एक्सपाथ १.० नोव्हेंबर १९९९ चं. त्याचा नियम कडक: प्रीफिक्स (कोलनच्या आधी लिहायचं नेमस्पेसचं टोपणनाव) नसलेलं नाव म्हणजे कुठल्याही नेमस्पेसमध्ये नसलेलं नाव. हा नियम जसाच्या तसा लावला असता तर आजच्या एचटीएमएल पानात डिव्हसुद्धा सापडला नसता, कारण आता एचटीएमएलची एलिमेंटही एक्सएचटीएमएलच्या नेमस्पेसमध्ये असतात. म्हणून एचटीएमएलच्या मानकाने इथे एक्सपाथचा नियम उघडपणे आणि जाणूनबुजून मोडला: एचटीएमएल पानात बिनप्रीफिक्सचं नाव एचटीएमएलचंच धरायचं. डिव्ह वाचला, एसव्हीजी वाचला नाही. सीएसएसचा नियम वेगळा आहे. डीफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेली नसेल तर तिथे बिनप्रीफिक्सचं नाव कुठल्याही नेमस्पेसला लागू पडतं.

सेलेनियममध्ये नेमस्पेसचा प्रीफिक्स बांधायची सोय नाही, म्हणून एक्सपाथमध्ये तारांकन लिहून चौकटी कंसात ‘लोकलनेम’ एसव्हीजीबरोबर ताडून पाहा. मूळ नावात लोकल आणि नेममध्ये छोटी रेघ असते आणि शेवटी रिकामा कंस. एसव्हीजीच्या आतल्या प्रत्येक पायरीला हेच करावं लागतं, नुसतं पहिल्या पायरीला करून पुढे तिरकी रेघ आणि पाथ लिहिलं की परत शून्य. खरं सांगायचं तर शक्य तिथे सीएसएस सिलेक्टर वापरा किंवा डेव्हलपरकडून टेस्टसाठी एक डेटा अ‍ॅट्रिब्यूट मागून घ्या. लोकलनेमची माळ वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे हाल करते.

पानात चालतं, फाइलमध्ये चालत नाही

पानातला एसव्हीजी उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवला, इमेज टॅगमधून बोलावला, तर तुटक्या चित्राची खूण. फाइल थेट उघडली तर चित्राऐवजी टॅगांचं झाड. पानात असताना एचटीएमएल पार्सर पत्ता स्वतः भरत होता. वेगळ्या फाइलमध्ये एक्सएमएलचा (एचटीएमएलच्या कडक भावंडाचा) कायदा, आणि तिथे एक्सएमएलएनएस लिहिलं नाही तर पत्ता नाही. सीएसएसमध्ये डेटा यूआरएल म्हणून टाकलेल्या एसव्हीजीलाही हेच लागू.

‘चार्ट डाउनलोड करा’ असं बटण देणाऱ्यांची अडचण याच जातीची. आउटरएचटीएमएल घेऊन फाइल बनवली की त्यात एक्सएमएलएनएस येईलच असं नाही. ‘एक्सएमएलसिरीयलायझर’ वापरा, तो आपणहून लिहितो.

‘एक्सलिंक कोलन एचरेफ’ (एसव्हीजीत लिंक द्यायची जुनी पद्धत) हा त्रास आता तरी सोडून द्या. एसव्हीजी २ मध्ये साधा एचरेफ चालतो आणि आजचे ब्राउझर तो समजतात. जुन्या कोडमध्ये तो राहिलाच असेल तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. सेटअ‍ॅट्रिब्यूटने कोलनसकट लिहिलेला एचरेफ इन्स्पेक्टरमध्ये हुबेहूब दिसतो पण चालत नाही, सेटअ‍ॅट्रिब्यूटएनएस लागतं. आणि वेगळ्या फाइलमध्ये एक्सलिंक प्रीफिक्स जाहीर केला नसेल तर संपूर्ण फाइलच पार्स होत नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर न्यायची, म्हणून कोणीतरी सगळ्या कोडमध्ये शोधा-आणि-बदला चालवतं. लिंका सुधारतात, आणि सगळे आयकॉन नाहीसे होतात. एसव्हीजीच्या पत्त्यातलं एचटीटीपी हे एचटीटीपीएस झालेलं असतं. नेमस्पेसचा पत्ता हा पत्ता नव्हेच, ते एक नाव आहे, आणि मानक सांगतं की ते अक्षर-अक्षर ताडून पाहायचं. एक एस वाढला, शेवटची तिरकी रेघ गळली, कॅपिटल-स्मॉल बदललं, तर नाव बदललं. डब्लिन कोअर (पुस्तकं-लेखांची माहिती नोंदवायचा शब्दसंग्रह) याच्या १.१ च्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आहे, एसव्हीजीच्या शेवटी नाही, आणि यात कसलीही संगती शोधू नये. तसंच पत्त्यातलं वर्ष ही आवृत्ती नव्हे. एसव्हीजी १.१ आलं, एसव्हीजी २ चं काम झालं, पत्त्यात अजून २००० च आहे. ते ‘अपडेट’ करू नका.

हे असं का ठरलं

एक्सएमएल १.० फेब्रुवारी १९९८ मध्ये आलं आणि त्यानंतर वर्षभरात, १४ जानेवारी १९९९ ला, नेमस्पेसचं मानक. टिम ब्रे, डेव्ह हॉलंडर आणि अँड्र्यू लेमन हे त्याचे संपादक. एकाच दस्तऐवजात दोन शब्दसंग्रह आले तर नावं भिडू नयेत, एवढाच प्रश्न होता. उत्तर म्हणून जागतिक, कधीच न भिडणारं नाव हवं होतं, आणि तशी नावं वाटणारी यंत्रणा, म्हणजे डोमेनची, आयती होती. म्हणून यूआरआय. प्रत्येक टॅगमध्ये एवढं लांब नाव कोण लिहिणार, म्हणून प्रीफिक्स. प्रीफिक्सही कोण लिहिणार, म्हणून डीफॉल्ट नेमस्पेस.

माझ्या मते तिसऱ्या पायरीने जेवढा घात केला तेवढा पहिल्या दोन्हींनी मिळून केला नाही. डीफॉल्ट नेमस्पेस टॅगला लागते, पण बिनप्रीफिक्सच्या अ‍ॅट्रिब्यूटला लागत नाही. मजकुरात ती दिसत नाही आणि एक्सपाथ १.० मध्ये तिला जागाच नाही. कोलन दिसला असता तर वाचणाऱ्याला निदान शंका तरी आली असती.

एचटीटीपीने सुरू होणारं नाव निवडलं त्याचाही भुर्दंड बसला. जे पत्त्यासारखं दिसतं ते माणसं उघडून पाहतात आणि प्रोग्रामही उघडायला जातात. २००८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनेच जाहीर केलं की डीटीडीसारख्या (टॅगांचे नियम लिहिलेल्या) फाइलींसाठी त्यांच्या सर्व्हरवर दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येतात. डीटीडी ही निदान उघडण्याजोगी गोष्ट तरी आहे. नेमस्पेसच्या पत्त्यावर काही असायची अटच नाही.

नेमस्पेस म्हणजे शब्दसंग्रह की आवृत्ती, हाही वाद झाला. एक्सएचटीएमएल (एक्सएमएलच्या नियमांत बसवलेलं एचटीएमएल) १.० च्या १९९९ च्या मसुद्यात स्ट्रिक्ट, ट्रान्झिशनल आणि फ्रेमसेट अशा त्याच्या तीन प्रकारांना तीन वेगळ्या नेमस्पेस द्यायचा बेत होता. म्हणजे स्ट्रिक्टमधला पी आणि ट्रान्झिशनलमधला पी ही दोन असंबद्ध एलिमेंट झाली असती. विरोध झाला, आणि जानेवारी २००० मध्ये मानक आलं ते एकाच नेमस्पेससह. आज आपण एकच १९९९/एक्सएचटीएमएल लिहितो ते त्यामुळे.

पण ती नेमस्पेस बहुतेकांच्या पानात शोभेपुरतीच राहिली. इंटरनेट एक्सप्लोररला आठव्या आवृत्तीपर्यंत एक्सएचटीएमएल त्याच्या खऱ्या माइम टाइपने (सर्व्हर फाइलसोबत पाठवतो त्या प्रकाराच्या लेबलने) वाचताच येत नव्हतं, म्हणून लोक ते साध्या एचटीएमएलच्या नावाने पाठवत. पार्सर एचटीएमएलचा, वर लिहिलेलं एक्सएमएलएनएस बिनकामाचं. २००४ मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेराच्या मंडळींनी व्हॉटडब्ल्यूजी हा एचटीएमएलचं मानक लिहिणारा गट काढला आणि सरळ निर्णय घेतला: एचटीएमएलच्या मजकुरात नेमस्पेस जाहीर करायची सोयच नको. पार्सरला एसव्हीजी आणि मॅथएमएल (गणिताची सूत्रं लिहायची भाषा) ही दोन परकी कुळं ठाऊक असतील आणि बाकी सगळं एचटीएमएल. व्ह्यूबॉक्समधला मोठा बीसुद्धा पार्सरच यादी पाहून नीट करतो.

याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. कोणालाही परवानगी न मागता नवा शब्दसंग्रह जोडता यावा, हेच तर नेमस्पेसचं वचन होतं. पार्सरमध्ये यादी गोठवली म्हणजे ब्राउझरवाले ठरवतील तेवढंच. आरडीएफएचा, म्हणजे पानातच यंत्राला कळेल अशी माहिती पेरायच्या पद्धतीचा, किस्सा त्यातलाच. २००८ च्या मानकात प्रीफिक्स एक्सएमएलएनएसने जाहीर होत. तेच पान एचटीएमएल म्हणून वाचलं तर ते अ‍ॅट्रिब्यूट डॉममध्ये साधं, कोलनवालं नाव म्हणून पडे आणि एक्सएचटीएमएल म्हणून वाचलं तर वेगळ्या नेमस्पेसमध्ये. एकच स्क्रिप्ट, दोन उत्तरं. शेवटी २०१२ च्या आरडीएफए १.१ ने ‘प्रीफिक्स’ नावाचं वेगळं अ‍ॅट्रिब्यूट आणलं आणि भांडण बाजूला ठेवलं. एरियाच्या (दिव्यांगांच्या साधनांना पान समजावून सांगणाऱ्या मानकाच्या) सुरुवातीच्या मसुद्यांत कोलन होता, तो जाऊन छोटी रेघ आली. कस्टम एलिमेंटच्या, म्हणजे डेव्हलपरने स्वतः बनवलेल्या टॅगच्या, नावात छोटी रेघ सक्तीची झाली. तिथेही ‘फॉन्ट-फेस’ आणि ‘अ‍ॅनोटेशन-एक्सएमएल’ ही नावं वर्ज्य, कारण ती एसव्हीजी-मॅथएमएलने आधीच घेतलेली. नेमस्पेस दारातून घालवली ती अशी रेघेच्या रूपाने खिडकीतून परत आली.

मला व्हॉटडब्ल्यूजीचा निर्णय बरोबर वाटतो. हाताने पान लिहिणाऱ्याला त्याने मोकळं केलं. पण खर्च नाहीसा झाला नाही, तो स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या खात्यावर गेला. मजकुरात नेमस्पेस नाही, डॉममध्ये आहे. वरच्या सगळ्या तक्रारी या दोहोंच्या सीमेवरच्या आहेत.

सर्व्हरकडची बाजू

इथे एचटीएमएल नाही, सगळं एक्सएमएल. साइटमॅपची (साइटवरच्या पानांच्या यादीची) फाइल वाचायची, एक्सपाथने ‘यूआरएल’ शोधायचे, शून्य निकाल. वर डीफॉल्ट नेमस्पेस बसलेली असते, आणि एक्सपाथ १.० ला बिनप्रीफिक्सचं नाव म्हणजे नेमस्पेस नसलेलं. फाइलमध्ये प्रीफिक्स नसला तरी तुमच्या कोडमध्ये एक प्रीफिक्स तुम्ही ठरवा, तो साइटमॅपच्या पत्त्याला बांधा आणि एक्सपाथमध्ये वापरा. प्रीफिक्सची अक्षरं जुळायची गरज नाही, पत्ता जुळला पाहिजे. रेजेक्सने एक्सएमएलएनएस खरवडून काढायचा शॉर्टकट टाळा, फीडमध्ये डीसी (डब्लिन कोअर) आणि कंटेंट अशी मॉड्यूल आली की तोच अंगाशी येतो.

जावामध्ये नेमस्पेसवाल्या पद्धती काहीच देत नसतील आणि लोकलनेम नल येत असेल, तर ‘डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरी’वर नेमस्पेस-अवेअर ट्रू करा. मुळात ते फॉल्स असतं. पायथॉनच्या एलिमेंटट्रीमध्ये नाव महिरपी कंसात पूर्ण पत्त्यासह लिहावं लागतं, ३.८ पासून कंसात तारांकनही चालतं. फाइल परत लिहिताना ‘एनएसझीरो’ असे प्रीफिक्स उगवले तर घाबरू नका, अर्थ बदललेला नाही. समोरच्याला ते खपत नसेल तर रजिस्टरनेमस्पेस करा. ब्राउझरमध्ये फीड वाचताना क्वेरीसिलेक्टरला ‘डीसी कोलन क्रिएटर’ दिलं तर तो कोलनला स्यूडो-क्लास समजून एरर फेकतो. तिथे गेटएलिमेंट्सबायटॅगनेमएनएस वापरा.

शेवटची तक्रार खास आपल्याकडची. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये यूडीएफ (वापरणाऱ्याने स्वतः जोडलेल्या रकान्यांचा) प्रीफिक्स ‘टॅलीयूडीएफ’ या नुसत्या शब्दाला बांधलेला असतो. लिबएक्सएमएल२ या लायब्ररीवर चालणाऱ्या पार्सरमधून ती फाइल गेली की इशारा येतो: यूआरआय पूर्ण नाही. हा इशारा म्हणजे २००० सालच्या एका भांडणाचा अवशेष आहे. नेमस्पेसच्या जागी अर्धा पत्ता आला तर तो आहे तसा धरायचा, की फाइलच्या जागेवरून पूर्ण करायचा, की मनाई करायची? पूर्ण करायचा म्हटलं तर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली की तिच्यातल्या सगळ्या एलिमेंटची नावं बदलणार. डब्ल्यूथ्रीसीने शेवटी अर्धे पत्ते वापरू नयेत एवढंच ठरवलं, बंदी घातली नाही. म्हणून पार्सर कुरकुरतो पण थांबत नाही. तो इशारा लॉगमध्ये राहू द्या. तो घालवायला टॅलीयूडीएफच्या जागी स्वतः बनवलेला पूर्ण पत्ता टाकू नका, फाइल परत इम्पोर्ट करायची असेल तर अजिबातच नाही.